१९२८ ची दोन विधेयके आणि आपल्या खिशातली कार्डे

३० डिसेंबर २०१६ ला दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये पंतप्रधानांनी 'भीम' ॲप सुरू केले. नोटाबंदीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. कागदावर त्या नावाचा अर्थ 'भारत इंटरफेस फॉर मनी' असा आहे, पण स्टेजवरून ते नाव बाबासाहेबांचे म्हणूनच सांगितले गेले. पुढच्या भीमजयंतीला, १४ एप्रिल २०१७ ला, पंतप्रधान नागपूरला आले, दीक्षाभूमीवर गेले, आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमात 'भीम-आधार' सुरू झाले. कार्डाने किंवा मोबाइलने खरेदी करणाऱ्या ग्राहकांसाठी सरकारने सोडत काढली होती. तिचे १ कोटीचे पहिले बक्षीसही तिथेच दिले गेले. जयंतीच्या दिवशी सोडतीचे बक्षीस! मटक्याचे आकडे लावणाऱ्या पोरांना वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी जयंतीच्या मंडपातून हाकलून दिलेले आम्ही पाहिले आहे. असो.

नावाला आमचा विरोध नाही. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवणाऱ्या माणसाचे नाव पैशाच्या व्यवहाराला दिले, तर त्यात खटकण्यासारखे काही नाही. पण ज्याचे नाव घेतले त्याने पैसा आणि विमा या दोन्हींबद्दल प्रत्यक्षात काय मागितले होते, हे कोणी सांगत नाही. आज आपल्या तरुणांच्या खिशात रुपे कार्ड असते, आयुष्मान कार्ड असते, ई-श्रम कार्ड असते. यातले कोणते कार्ड हक्काचे, कोणते गिऱ्हाईकाचे आणि कोणते नुसत्या नावनोंदणीचे, हे ओळखायचे असेल तर १९२८ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. १९ मार्च १९२८ ला त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागते. रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावायचे, सांगावा पोचवायचा, मेलेली गुरे ओढायची, आणि त्याबदल्यात वर्षाकाठी गावाने दिले तर बलुते घ्यायचे. बलुते धान्यात मिळे. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, खळ्यावर किती वेळ उभे ठेवायचे, हे देणारा ठरवी. गावाशी भांडण झाले की बलुते बंद. बाबासाहेबांच्या विधेयकाचा गाभा असा होता की बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, ती रक्कम सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, आणि ज्याला वतनाची चाकरी नको असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे व्हावे.

धान्याऐवजी नाणे का? कारण नाणे खर्च करताना कुणाची मर्जी लागत नाही. धान्य घेणारा त्या गावाला बांधलेला असतो, नाणे घेणारा दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ शकतो. अर्थात नाण्यालाही विटाळ होताच. आपल्या माणसाने पैसे जमिनीवर ठेवायचे, दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून उचलायचे आणि माल वरून टाकायचा, हे महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत चालत होते. तरी नाणे तुमचे होते. त्याचे मीठ घ्यायचे की पोराची पाटी, हे विचारणारा कोणी नव्हता. ते विधेयक पास झाले नाही. प्रवर समितीत त्याचा अर्थच बदलत गेला आणि पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी ते मागे घेतले. वतने कायद्याने संपायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरची वर्षे उजाडावी लागली.

त्याच वर्षीच्या जुलैत, २८ तारखेला, ते दुसऱ्या एका विधेयकावर बोलायला उभे राहिले. हे विधेयक आसवले यांनी मांडलेले होते आणि विषय होता गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात भरपगारी सुटी. विरोधकांचे म्हणणे, गिरणीमालकाने हा भुर्दंड का सोसावा? बाबासाहेबांनी सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. बाईला दिवसाला आठ आणे मिळू लागले, मात्र सगळा बोजा एकट्या मालकावर पडला. व्हायचे तेच झाले. पोट दिसू लागले की बाईला कामावरून काढण्याची वाट मालकांनी शोधली. बोजा वाटला गेला पाहिजे, एक सामाईक निधी पाहिजे, सरकार त्याच्या मागे उभे पाहिजे, हा जो विचार पुढे विम्याच्या कायद्यात आला, त्याची गरज या अनुभवातूनच दिसत होती.

आता ही दोन विधेयके शेजारी ठेवून बघा. पहिल्याची मागणी अशी की मजुराच्या हातात पैसा पडावा आणि तो त्याने मनाप्रमाणे खर्चावा. दुसऱ्याची मागणी अशी की आजारपण-बाळंतपणाची सोय त्याच्या खर्चावर, त्याच्या बाजारातल्या पतीवर अवलंबून नसावी. खरेदी ही मोकळीक आहे आणि उपचार हा हक्क आहे. बाबासाहेबांनी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या नाहीत. आजच्या कार्डांनी त्या मिसळल्या आहेत, आणि आमचा आक्षेप तिथे आहे.

गिरणगावात या दोन्ही गोष्टी नसतील तर काय होते, हे तेव्हा रोज दिसत होते. पगार महिना उलटून गेल्यावर होई. तोवर चाळीखालच्या वाण्याच्या वहीवर धान्य, तेल, रॉकेल यायचे. वहीवरचा भाव रोखीपेक्षा चढा असे. आजार आला, बारसे आले, मयत झाली की पठाणाचे व्याज. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने म्हटले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. वाण्याची वही म्हणजे त्या काळचे क्रेडिट कार्डच म्हणा. रोजची खरेदीही त्यावर, दुखण्याखुपण्याची उसनवारीही त्यावर, आणि वही नेहमी वाण्याच्या गल्ल्यात. आपल्या माणसांचे हाल दुप्पट होते, कारण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग उष्टे होते, हे कारण. समतेचे झेंडे खांद्यावर घेतलेल्या कामगार पुढाऱ्यांनाही हा प्रश्न दुय्यम वाटत होता.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीन उद्योग डोळ्यासमोर ठेवून आडारकरांनी अहवाल लिहिला आणि ऑगस्ट १९४४ मध्ये तो सादर झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यावरून विधेयक बेतले गेले. बाबासाहेब १९४६ मध्ये मंत्रिपदावरून बाहेर पडल्यानंतर ते सभागृहात आले आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा म्हणून मंजूर झाले. आपल्या पोस्टरवर 'ईएसआय बाबासाहेबांनी आणले' एवढेच लिहिलेले असते. पूर्ण हकिगत लिहिली तर बाबासाहेब लहान होत नाहीत, उलट विरोधकाला खोड काढायला जागा राहत नाही.

प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली. कामगाराला कार्ड मिळाले. त्या कार्डावर दुकानात काही मिळत नव्हते, त्यात पैसे नव्हते, त्यातून काही वजा होत नव्हते. त्यावर विमा क्रमांक होता. वर्गणी मालकाची आणि कामगाराची, दवाखाना महामंडळाचा किंवा मुंबईत पॅनेलवरच्या डॉक्टरचा, आणि वाद झाला तर त्यासाठी स्वतंत्र न्यायालय.

या योजनेचा एक भाग आपण विसरत चाललो आहोत. ईएसआयमध्ये औषधपाणी हा निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग रोख रकमेचा. आजारी पडून घरी बसलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. बाळंतपणात आता २६ आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघातात जीव गेला तर अवलंबून असलेल्यांना पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंतची पेन्शन दरमहा. म्हणजे दवाखान्याचे बिल भागले आणि घरची चूलही पेटती राहिली. मिळालेली रक्कम कुठे, कशावर खर्च करायची याची कसलीही अट नाही. १९२८ च्या दोन्ही मागण्या इथे एकत्र नांदतात, पण एकीची अट दुसरीवर नाही.

ईएसआयचे गोडवेच गायचे नाहीत. दवाखान्यांच्या रांगा, औषधांचा तुटवडा, कारकुनांची गुर्मी, सगळे खरे आहे. त्याहून मोठे सत्य असे की आपला बहुसंख्य समाज कारखान्यात नव्हताच. शेतमजूर, वीटभट्टीवाला, मोलकरीण, कचरा वेचणारी बाई, ऊसतोड कामगार, यांना ते कार्ड कधी दिसलेच नाही. जे गिरणीत होते त्यांचेही १९८२ च्या संपानंतर आणि गिरण्या बंद पडत गेल्यावर विमा क्रमांक निकामी झाले. वर्गणी थांबली की हक्क थांबतो. या मोठ्या पोकळीत नवी कार्डे आली.

२००७ मध्ये अर्जुन सेनगुप्ता आयोगाने सांगितले की देशातले ७७ टक्के लोक दिवसाला २० रुपयांपेक्षा कमी खर्चावर जगतात. १ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. हे खऱ्या अर्थाने आरोग्याचे पेमेंट कार्ड होते. ३० रुपये भरून पाच जणांच्या कुटुंबाला चिपचे स्मार्ट कार्ड, अंगठ्याच्या ठशासह, वर्षाला ३०,००० रुपयांचे. रुग्णालयात कार्ड मशीनमध्ये घातले की उपचाराची ठरलेली रक्कम वजा होई आणि शिल्लक दिसे. महाराष्ट्रातही ते काही वर्षे चालले, अमरावतीसारख्या जिल्ह्यांत घरोघर वाटले गेले. यात एक चांगली गोष्ट होती आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. कार्ड देशात कुठल्याही यादीतल्या रुग्णालयात चालत होते, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मजुरासाठी ते दोन भागांत करून मिळत होते. अर्धे घर गावी, अर्धे फडावर असणाऱ्यांना याचा अर्थ कळतो. खिशात पैसा नसलेला माणूस खासगी रुग्णालयाच्या पायरीवर पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

पण रुग्णालयाने त्या माणसात काय पाहिले? त्याने ३०,००० ची शिल्लक पाहिली. २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना बायकांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारींनी गदारोळ झाला, चौकशा झाल्या, डॉक्टरांवर कारवाया झाल्या. गरीब बाईचे शरीर म्हणजे कार्डातून रक्कम काढण्याचे निमित्त ठरले. साध्या तापाला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना मात्र हे कार्ड उपयोगाचे नव्हते. दाखल व्हाल तरच पैसे, मग दाखल करणे आलेच!

महाराष्ट्राने वेगळी वाट काढली. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. इथे पिवळे आणि केशरी रेशनकार्ड हेच आरोग्याचे कार्ड झाले. ज्या कार्डावर घरात गहू-तांदूळ येतो त्याच कार्डावर शस्त्रक्रिया. ऐकायला सोयीचे, पण ज्याचे रेशनकार्डच नाही त्या पालावरच्या भटक्या कुटुंबाचे दोन्ही दरवाजे एकदम बंद. २०२४ पासून ही योजना सर्व कुटुंबांना आणि ५ लाखांपर्यंत लागू केली गेली, ते चांगलेच झाले.

२३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून आयुष्मान भारत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख. ग्रामीण भागात पात्रतेच्या निकषांत अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब असणे हाही एक निकष आहे. म्हणजे आपला समाज या यादीत आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण यादी २०११ च्या जनगणनेतली. कॅगने २०२३ च्या अहवालात दाखवले की ७ लाख ४९ हजारांहून अधिक लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले होते, आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ. 'लाभार्थी' हा शब्द इथे मुद्दाम वाचा. ईएसआयचा कायदा कामगाराला विमाधारक म्हणतो. विमाधारक वर्गणी भरतो आणि न्यायालयात जातो. लाभार्थ्याच्या कार्डावर पुढाऱ्यांचे फोटो असतात.

या सगळ्यांत बाबासाहेबांच्या विचाराला सर्वांत उलटे जाणारे कार्ड रुपेचे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली. आज तिची ५० कोटींहून अधिक खाती आहेत. प्रत्येक खात्याला रुपे कार्ड आणि कार्डाबरोबर अपघात विमा, आधी १ लाखाचा, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाखांचा. बँकेच्या फलकावर एवढेच लिहिलेले असते. अट अशी आहे की अपघाताआधीच्या ९० दिवसांत व्यवहार झालेला असला पाहिजे, दुकानात म्हणा, एटीएमवर म्हणा, बँकमित्राकडे म्हणा. तो झाला नसेल तर विमा नाही.

आता ऊसतोडीला गेलेले जोडपे डोळ्यासमोर आणा. उचल मुकादमाकडून रोखीत घेतलेली. सहा महिने फडावर, किराणा तिथल्या दुकानदाराच्या वहीवर, कार्ड गावी ट्रंकेत. बैलगाडी उलटली, ट्रॅक्टरखाली माणूस गेला, आणि घरचे बँकेत गेले तर पहिला प्रश्न, कार्ड शेवटचे कधी वापरले? मेलेल्या माणसाने बाजारात किती हालचाल केली यावर त्याच्या विधवेचा हक्क ठरतो. आणि अपघात न होता नुसता ताप आला, तर? खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीत चढतो. आयुष्मानचे कार्ड रुग्णालयाचे बिल भरील, पण बुडालेल्या मजुरीचा एक रुपया देणार नाही. १९४४ च्या अहवालातला रोख रकमेचा तो निम्मा भाग कुठल्याच नव्या कार्डात आलेला नाही.

आपल्यातले काही तरुण म्हणतात, कार्डाला जात नसते, मशीनला विटाळ होत नाही, नाण्यावर पाणी शिंपडणारा दुकानदार आता निमूट मशीन पुढे करतो. खरे आहे, आणि याचा आनंद आम्हालाही आहे. खरेदीपुरता तो मुद्दा १९२८ च्या मार्चमधल्या मागणीशी जुळतो. कार्ड वापरा, भीम ॲप वापरा. आमचे म्हणणे जुलैच्या मागणीबद्दल आहे. मशीनला जात नसली तरी गटारात कोण उतरतो याला जात आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्याच २०२३ मध्ये सरकारने 'नमस्ते' योजना काढली आणि गटार-सेप्टिक टँकच्या कामगारांना आयुष्मान कार्डे देऊ केली. विषारी वायूने माणूस काही मिनिटांत जातो. त्याला दाखल करायला रुग्णालय शोधेपर्यंत ५ लाखांची शिल्लक जशीच्या तशी राहते. त्याच्या बायकोला दरमहा पेन्शन हवी असते, आणि ती ईएसआयच्या विमाधारकालाच मिळते. म्हणून कंत्राटदार त्याचे नाव ईएसआयला लावत नाही, आणि त्याच्या हाती आयुष्मान कार्ड पडले की सगळ्यांना हायसे वाटते.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआयचा, बाळंतपणाच्या लाभाचा आणि असंघटित कामगारांचा कायदा धरून नऊ कायदे एकत्र केले गेले. या संहितेवर आपल्या संघटनांच्या अभ्यासवर्गांत फारसे बोलले जात नाही. आरक्षणावर व्याख्यान ठेवले की हॉल भरतो, विम्यावर ठेवले की पहिल्या दोन रांगा.

येत्या १४ एप्रिलला वस्तीवस्तीत कार्ड काढून देण्याचे स्टॉल लागतील, आपलीच मुले लॅपटॉप घेऊन बसतील. बसू द्या. त्याच टेबलावर एक वही ठेवा. घंटागाडीवर, हाउसकीपिंगला, सिक्युरिटीला जाणारा जो कोणी कार्ड काढायला येईल त्याला विचारा, पगारातून पाऊण टक्का ईएसआयचा कापतात का? कापत असतील तर दहा आकडी विमा क्रमांक सांग. कापतात पण क्रमांक माहीत नाही असे म्हणणारे बरेच निघतील. त्यांच्या कंत्राटदाराचे नाव आणि मूळ मालकाचे नाव त्या वहीत उतरवा, कारण कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि आपल्या घंटागाडीचा मूळ मालक बहुतेक ठिकाणी नगरपालिकाच असते.